जुनें यंत्र, नवी प्रणाली आणि मराठी अक्षर

बारामतीचें नांव घेतलें कीं जुन्या पिढीच्या वाचकास मोरोपंत आठवतात आणि नव्या पिढीच्या वाचकास तेथील औद्योगिक वसाहत. १७२९ सालीं पन्हाळ्यास जन्मलेले मोरोपंत बाबूजी नाईक बारामतीकरांच्या आश्रयास येऊन कऱ्हेकाठच्या या गांवीं स्थिरावले, आणि १७९४ सालीं देह ठेवीपर्यंत येथेंच त्यांची काव्यरचना चालू होती. त्याच गांवाच्या शिवारांत आज वाहनें, दुधाचे पदार्थ आणि कापड तयार करणारे कारखाने उभे आहेत. कवीची पोथी आणि कारखान्याचें यंत्र यांचा परस्परांशीं कांहीं संबंध असेल, असें वरवर पाहतां वाटणार नाहीं. परंतु दोहोंनाहि एकाच प्रश्नाला तोंड द्यावें लागतें. साधन जुनें होतें, पद्धति बदलते. अशा वेळीं साधनाबरोबर त्यांत साठविलेलें कामहि बुडावें कीं काय? विसाव्या शतकाच्या अखेरीस हा प्रश्न मराठी लिपीपुढें मोठ्या निकडीनें उभा राहिला, आणि त्याच्या उत्तराचा फार महत्त्वाचा भाग पुणें जिल्ह्यांतच सिद्ध झाला.

प्रथम प्रश्नाचें स्वरूप नीट ध्यानीं घेतलें पाहिजे. संगणक म्हणजे नुसतें यंत्र नव्हे. त्या यंत्रावर कारभार करणारी एक कार्यप्रणाली असते. तिलाच ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. कोणत्या कामास किती जागा द्यावयाची, कळ दाबली असतां ती वार्ता कोणाकडे पोंचवावयाची, छपाईयंत्रास केव्हां आज्ञा करावयाची, हें सारें तीच ठरविते. वाड्याच्या भिंती त्याच असल्या तरी कारभारी बदलला म्हणजे देण्याघेण्याच्या रीति बदलतात, तसाच हा प्रकार आहे. शिवाय हा कारभारी आणि प्रत्येक उपकरण यांच्यामध्यें एक दुभाष्या लागतो. त्यास ड्रायव्हर असें नांव आहे. कार्यप्रणाली मुळापासून बदलली म्हणजे जुने दुभाषे निरुपयोगी होतात आणि नवे लिहावे लागतात. ज्या कारखानदारानें एखादें उपकरण बनविणेंच सोडून दिलें, तो त्याच्यासाठीं नवा दुभाष्या लिहिण्याचा खटाटोप कशाला करील? मग छपाईयंत्र धडधाकट असूनहि मुकें होतें.

औद्योगिक वसाहतींतून हा अनुभव नित्याचा आहे. लेथचा ओतीव बिडाचा पाया दोन-दोन, तीन-तीन दशकें टिकतो. त्यास आज्ञा पुरविणारा संगणक मात्र दहा वर्षांत जुना ठरतो. जुन्या यंत्राची तार नऊ किंवा पंचवीस पिनांच्या जोडणीची असते, आणि नव्या संगणकास तशी जोडणीच नसते. मग कोठें मध्यें अडॅप्टर घालतात. कोठें जुना संगणक त्याच्या जुन्या कार्यप्रणालीसह, बाहेरच्या जाळ्यापासून तोडून, केवळ त्या एका यंत्राच्या सेवेसाठीं जपून ठेवितात. लोखंडाच्या बाबतींत एवढ्यानें भागतें. परंतु जेथें साठविलेली वस्तु म्हणजे लेखन असतें, म्हणजे सातबाराच्या उताऱ्यावरील नांवें, ऊसनोंदणीचीं पानें, जन्ममृत्यूच्या नोंदी, तेथें नुसतें यंत्र जपून भागत नाहीं. तेथें अक्षरच नव्या यंत्रांत नेलें पाहिजे. आणि मराठी अक्षर नेणें हें इंग्रजी अक्षर नेण्याइतकें सोपें नव्हतें.

या अडचणीचें मूळ संगणकाहून जुनें आहे. रोमन लिपींत अक्षरें एका ओळींत एकापुढें एक बसतात. देवनागरींत मात्रा डोक्यावर चढते, उकार पायाशीं लोंबतो, र्‍हस्व वेलांटीचा उच्चार व्यंजनानंतर होतो पण ती लिहिली जाते व्यंजनाच्या आधीं, आणि दोन-तीन व्यंजनें एकत्र मिळून निराळेंच रूप धारण करतात. त्यामुळें मराठी छापखान्यांत जुळाऱ्यापुढें कित्येक शें खिळ्यांची मांडणी लागे. जावजी दादाजींनीं १८६९ सालीं मुंबईस निर्णयसागर छापखाना काढला तेव्हां जुळणी हातानें होत असे, आणि कसलेल्या हातांनीं ती अतिशय सुबकहि होत असे. खरी अडचण आली ती हाताच्या जागीं यंत्र आल्यावर. लायनोटाइप यंत्रास ९० कळा. टंकलेखन यंत्रास त्याच्या निम्म्याच्या आसपास. तेवढ्यांत नागरी लिपि बसवावी कशी?

या प्रश्नानें मोठमोठ्यांस विचारांत पाडलें. लोकमान्य टिळकांनीं ‘केसरी’च्या निमित्तानें खिळ्यांची संख्या कमी करण्याच्या कामीं लक्ष घातलें होतें. हरि गोविंद गोविल यांनीं १९३० नंतरच्या वर्षांत अमेरिकेंत लायनोटाइप यंत्रासाठीं नागरीची योजना केली. सावरकरांनीं ‘अ’च्या बाराखडीचा पुरस्कार केला, म्हणजे इ, ई, उ, ऊ यांसाठीं निराळीं चिन्हें न ठेवितां ‘अ’लाच वेलांटी आणि उकार द्यावे असें सुचविलें. या सर्व प्रयत्नांत कळकळ होती आणि बुद्धिहि होती. तथापि त्या सर्वांची दिशा एकच होती: यंत्र आहे तसें राहणार, तेव्हां लिपीनेंच थोडें नमतें घ्यावें. टंकलेखन यंत्रावर ‘क’ला जोडलेला पाय अर्ध्यावर तुटलेला किंवा रफार भलत्याच जागीं बसलेला पाहण्याची मराठी डोळ्यांस त्यामुळेंच संवय लागली.

१९८१ सालीं अमेरिकेंत आयबीएम कंपनीनें आपला वैयक्तिक संगणक बाजारांत आणला, आणि थोड्याच वर्षांत त्याच घडणीचीं यंत्रें जगभर पसरलीं. त्याच्या पडद्यावर ८० स्तंभ आणि २५ ओळी मिळून दोन हजार सारख्या चौकटी होत्या, आणि प्रत्येक चौकटींत एक अक्षर बसे. अक्षरांच्या आकृति एका चिपेंत कायमच्या कोरलेल्या असत. त्यांची संख्या होती २५६, आणि त्यांत देवनागरीचें एकहि अक्षर नव्हतें. या यंत्रावर डॉस नांवाची कार्यप्रणाली चाले. तिचा व्यवहार केवळ आंकड्यांचा: ६५ म्हटलें कीं पडद्यावर रोमन लिपींतलें पहिलें अक्षर उमटे, ६६ म्हटलें कीं दुसरें. भारतांतील कचेऱ्यांत, बँकांत आणि कारखान्यांत पुढें जे संगणक आले, त्यांतील फार मोठा भाग याच जातीचा होता. लाखमोलाचीं यंत्रें विकत घ्यावयाचीं आणि त्यांवर रयतेचें नांव मात्र रोमन लिपींत लिहावयाचें, असा पेंच पडला.

या पेंचांतून मार्ग काढण्याचे प्रयत्न कानपूरच्या आयआयटींत १९७० नंतरच्या दशकापासूनच चालू होते. प्राध्यापक आर. एम. के. सिन्हा आणि त्यांचे सहकारी देवनागरी लिपि संगणकास शिकविण्याच्या उद्योगांत होते, आणि मोहन तांबे हे याच परंपरेंत तयार झाले. १९८३ सालीं दिल्लीस भरलेल्या तिसऱ्या विश्व हिंदी संमेलनांत तेथें घडविलेला देवनागरी संगणक लोकांस दाखविण्यांत आला. या कार्यांतून जो विचार पक्का झाला तो दिसावयास साधा, पण परिणामानें दूरगामी होता. यंत्रांत अक्षराची आकृति साठवूं नये. अक्षराचा वर्ण साठवावा. ‘क्ष’ हें चित्र न साठवितां ‘क’, हलन्ताची खूण आणि ‘ष’ असे तीन क्रमांक उच्चाराच्या क्रमानें ठेवावे. त्यांची आकृति कशी करावयाची हें दाखविण्याच्या वेळीं ठरवावें, आणि तें काम यंत्रावर सोंपवावें. लिपीनें यंत्रापुढें नमावें ही शंभर वर्षांची रीत येथें उलटली. आतां यंत्रानें लिपि शिकावयाची होती.

हा विचार परका नव्हता. आपली वर्णमालाच मुळीं उच्चारस्थानांप्रमाणें मांडलेली आहे: कण्ठ्य, तालव्य, मूर्धन्य, दन्त्य आणि ओष्ठ्य. मोरोपंतांनीं ओष्ठ्य वर्ण सर्वथा टाळून ‘निरोष्ठ रामायण’ रचिलें, तें याच शास्त्राच्या आधारावर. अक्षर म्हणजे कागदावरील रेषा नसून मुखांतील एक क्रिया आहे, हें ज्यास ठाऊक आहे त्यासच असा खेळ साधतो. अभियंत्यांनीं त्याच जुन्या ज्ञानास क्रमांक दिले.

त्या क्रमांकांस देशभर एकवाक्यता यावी म्हणून सरकारी पातळीवर मानकें ठरूं लागलीं. भारतीय लिपींच्या या संकेतावलीस इस्की असें नांव पडलें. १९८८ सालीं तिची सुधारलेली आवृत्ति आली आणि १९९१ सालीं भारतीय मानक ब्यूरोनें आयएस १३१९४ या क्रमांकानें ती मानक म्हणून प्रसिद्ध केली. संगणकाच्या एका बाइटांत २५६ क्रमांक मावतात. त्यांपैकीं पहिले १२८ इंग्रजीचे. इस्कीनें त्यांस धक्का न लावितां उरलेल्या अर्ध्यांत भारतीय वर्ण बसविले. यांत दुहेरी चातुर्य होतें. एक तर इंग्रजी आणि मराठी एकाच मजकुरांत सुखानें नांदूं लागलीं. दुसरें असें कीं, देवनागरी, बंगाली, गुजराती, कन्नड, तेलुगु इत्यादि दहा लिपींस एकच क्रमांकावली दिली, कारण त्या सर्व ब्राह्मीच्या लेकी आहेत आणि त्यांचा वर्णक्रम बहुतांशीं एक आहे. त्यामुळें मराठींत साठविलेलें गांवाचें नांव केवळ लिपि पालटून कन्नडांत दाखवितां येऊं लागलें.

कळफलकाचेंहि तसेंच झालें. १९८६ सालीं केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानें इनस्क्रिप्ट हा कळफलक मान्य केला. त्यांत स्वर डाव्या हाताकडे आणि व्यंजनें बहुतेक उजव्या हाताकडे आहेत. ज्या कळेवर ‘क’ तिच्यावरच वर ‘ख’. जेथें ‘ग’ तेथेंच ‘घ’. ‘त’च्या जोडीस ‘थ’ आणि ‘प’च्या जोडीस ‘फ’. अल्पप्राणाचा महाप्राण करावयाचा तर शिफ्टची कळ दाबावी, इतकी ती सोपी रचना आहे. टंकलेखन यंत्रावर अर्धीं-मुर्धीं अक्षरें जोडीत बसण्याची जी यातायात होती, ती येथें उरली नाहीं. तरी जुन्या टंकलेखकांच्या बोटांस जडलेली संवय इतकी बळकट होती कीं, पुढें कित्येक वर्षें संगणकावरहि रेमिंग्टन यंत्राचाच कळफलक मागितला जात असे.

१९८८ सालीं पुण्यास प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, ही संस्था स्थापन झाली. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं तेथें १९९१ सालीं ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार झाला, आणि संस्थेची कीर्ति बहुधा त्यामुळेंच सर्वतोमुखीं झाली. परंतु सामान्य माणसाच्या दृष्टीनें गणेशखिंडीच्या परिसरांत चाललेलें दुसरें एक काम कांहीं कमी मोलाचें नव्हतें. मोहन तांबे यांच्याबरोबर कानपूरचें लिपिविषयक संशोधन पुण्यास आलें आणि त्यांतून ‘जिस्ट’ हें तंत्र आकारास आलें. त्याचें प्रत्यक्ष रूप म्हणजे संगणकाच्या पोटांतील रिकाम्या खांचेंत बसवावयाचें एक कार्ड.

हें कार्ड करीत असे तें काम मोठें मनोरंजक होतें. डॉसची समजूत अशी कीं, आपण नेहमीप्रमाणें आंकडे पडद्याकडे धाडीत आहों. वाटेंत कार्ड तो आंकडा पकडी. तो पहिल्या १२८ पैकीं असला तर इंग्रजी अक्षर. पलीकडचा असला तर मराठी वर्ण. मग कार्डावरील बुद्धि पुढचे-मागचे वर्ण पाहून जोडाक्षर बांधी, वेलांटी आधीं आणी, रफार डोक्यावर चढवी आणि तें चित्र पडद्यावर उमटवी. ठिपक्यांच्या छपाईयंत्रांत जन्मतः फक्त रोमन अक्षरें असत. त्यांच्याकडूनहि ठिपक्यांच्या चित्ररूपानें मराठी छापून घेतां येई. संगणक तोच, डॉस तीच, हिशेबाचे आणि नोंदींचे इंग्रजी कार्यक्रमहि तेच. नवें होतें तें केवळ मधलें कार्ड. इंग्रजी हिशेबासाठीं घेतलेलें यंत्र दुसऱ्या दिवसापासून मराठी खातेवही लिहूं लागे. जुन्या यंत्रास टाकून न देतां त्यास नवी विद्या शिकविण्याचें याहून स्वच्छ उदाहरण मिळणें कठीण.

परंतु कालचक्र थांबत नाहीं. १९९२ सालीं विंडोजची ३.१ ही आवृत्ति आणि १९९५ सालीं विंडोज ९५ आली, आणि संगणकाची रीतच पालटली. ही नवी प्रणाली पडद्याकडे अक्षरांचे आंकडे धाडीतच नसे. प्रत्येक अक्षराचें चित्र ती स्वतःच काढी आणि तयार चित्र पडद्यावर मांडी. कार्डाचें सामर्थ्य होतें तें वाटेंत आंकडा पकडण्यांत. वाटेनें आंकडाच येईनासा झाल्यावर कार्ड निष्प्रभ झालें. नव्या प्रणालीनें जुन्या उपकरणास असें निकालांत काढलें, आणि मराठीस पुन्हां दुसरा मार्ग शोधावा लागला.

तो मार्ग सोपा दिसला, आणि येथेंच पुढच्या संकटाचें बीज पडलें. विंडोजला अक्षरांच्या आकृति फाँटांतून मिळत. तेव्हां इंग्रजी फाँटांत ‘ए’च्या जागीं एखादें मराठी अक्षर, ‘बी’च्या जागीं एखादी मात्रा, अशी अदलाबदल केली कीं काम झालें. प्रणालीस वाटे, आपण इंग्रजी लिहीत आहों. डोळ्यांस दिसे मराठी. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपि, इतर कंपन्यांचे निरनिराळे संच आणि खुद्द सी-डॅकचे फाँट यांचा प्रसार झपाट्यानें झाला. या फाँटांस नुसता दोष देणें अन्यायाचें होईल. वर्तमानपत्रांस दुसऱ्या दिवशीं अंक काढावयाचा होता, छापखान्यांस लग्नपत्रिकेपासून पाठ्यपुस्तकापर्यंत सर्व कांहीं छापावयाचें होतें. या फाँटांनीं तें काम केलें, आणि कागदावर तें देखणेंहि दिसलें. मराठी छपाईचें एक सबंध युग त्यांनीं चालविलें.

पण कागदावर दिसतें तें आणि यंत्रांत साठतें तें यांत जो भेद आहे, तो हळूहळू जाणवूं लागला. ‘किती’ हा शब्द घ्या. वर्णाच्या हिशेबानें तो ‘क’, र्‍हस्व वेलांटी, ‘त’, दीर्घ वेलांटी असा साठावयास हवा. फाँटाच्या हिशेबानें आधीं वेलांटीचें चित्र, मग ‘क’चें चित्र असा क्रम लागे. ‘वर्ष’ या शब्दांत र आधीं आणि ष नंतर. फाँटांत मात्र आधीं ‘ष’ आणि मग त्याच्या डोक्यावर रफार. शिवाय कोणत्या क्रमांकास कोणती आकृति द्यावयाची, हें ज्याचें त्यानें ठरविलेलें. त्यामुळें एका कंपनीच्या फाँटांत लिहिलेला मजकूर दुसरीकडे उघडला कीं इंग्रजी अक्षरांची निरर्थक गर्दी दिसे. नांवांची अकारविल्हे यादी करतां येईना, लेखांतील एखादा शब्द शोधतां येईना. चित्र साठविलें होतें. शब्द साठविलाच नव्हता. लिपीनें यंत्रापुढें नमण्याची जुनी रीत निराळ्या वेषानें परत आली होती.

तिकडे जगांतील सर्व लिपींस एकाच संकेतावलींत आणण्याचा उद्योग चालू होता. ऑक्टोबर १९९१ मध्यें युनिकोडची पहिली आवृत्ति प्रसिद्ध झाली. तींत देवनागरीस १२८ जागांचा स्वतंत्र गट मिळाला, आणि त्या गटाची मांडणी १९८८ च्या इस्कीवरून घेण्यांत आली. भारतांत आधीं विचार करून ठेविला होता, त्याचें हें फळ होय. मात्र संकेत ठरणें आणि तो प्रत्येक घरच्या यंत्रांत चालणें, यांत मोठें अंतर असतें. फेब्रुवारी २००० मध्यें निघालेल्या विंडोज २००० या प्रणालींत मराठीस प्रथम खरें स्थान मिळालें. तींत वर्णांवरून आकृति बांधणारी व्यवस्था होती, आणि सुलेखनाचे आचार्य प्रा. र. कृ. जोशी यांनीं रेखाटलेला ‘मंगल’ हा फाँट होता. कार्डाच्या चिपेंत जी बुद्धि एके काळीं बसविली होती, ती आतां प्रणालीच्याच पोटांत गेली.

आणि येथें जुन्या यंत्राचा प्रश्न पुन्हां दत्त म्हणून उभा राहिला. विंडोज ९५ किमान ४ मेगाबाइट स्मृतीवर चाले, आणि विंडोज ९८ ला १६ लागत. विंडोज २००० आणि २००१ सालीं आलेली विंडोज एक्सपी या दोहोंस किमान ६४ मेगाबाइट लागत, आणि एक्सपी सुखानें चालावयाची तर १२८ हव्या. मागच्या पांच-सात वर्षांत मोठ्या खर्चानें घेतलेले संगणक या पायरीवर अडखळले. त्यांवर नवी प्रणाली चढेना, आणि नवी प्रणाली नाहीं म्हणून खरी मराठीहि येईना. एक्सपी चढली तरी मराठीची व्यवस्था आपोआप चालू होत नसे. ती स्वतंत्रपणें निवडून मूळ तबकडीवरून भरून घ्यावी लागे, आणि तबकडी हाताशीं नसली कीं काम खोळंबे. ज्यांनीं नवे संगणक घेतले त्यांची अडचण उलटी होती: जुन्या फाँटांतील वर्षानुवर्षांचा मजकूर नव्या व्यवस्थेंत निरर्थक ठरत होता. म्हणून एकाच कचेरींत एका टेबलावर नवा संगणक आणि शेजारीं जुन्या मजकुरासाठीं ठेविलेला जुना, असा दुहेरी संसार दिसे.

मराठीचे कांहीं हट्ट केवळ तिचेच होते, आणि तेहि पुरे व्हावयास हवे होते. ‘आचार्यास’ म्हणजे गुरूस आणि ‘आचाऱ्यास’ म्हणजे स्वयंपाक्यास. रफार आणि आडवा र यांतील हा भेद हिंदीस लागत नाहीं. मराठींत तो न दाखविला तर गुरूच्या हातीं पळी यावयाची. युनिकोडनें यासाठीं सोय ठेविली. ‘ॲ’ या अक्षरास स्वतंत्र जागा मिळाली ती मात्र २००८ सालच्या आवृत्तींत. ‘ल’ आणि ‘श’ यांचीं मराठी वळणें अनेक फाँटांत हिंदी वळणाखालीं लोपलीं होतीं. महाराष्ट्र शासनानें ६ नोव्हेंबर २००९ रोजीं देवनागरी लिपि आणि वर्णमाला यांसंबंधीं निर्णय काढून मराठी वळणांस मान्यता दिली. अशा बारीकसारीक गोष्टींकडे जे लोक चिकाटीनें लक्ष पुरवितात, त्यांच्यामुळेंच भाषा यंत्रांत आपल्या घरासारखी वावरूं शकते.

जुना मजकूर नव्या व्यवस्थेंत आणण्याचें काम सुरू झालें तेव्हां पूर्वीच्या निवडीचें फळ ज्याचें त्यास मिळालें. ज्यांनीं इस्कींत वर्ण साठविले होते, त्यांस एक कोष्टक पुरलें: या क्रमांकाच्या जागीं तो क्रमांक. कांहीं खुणांची थोडी काळजी घ्यावी लागे, एवढेंच. ज्यांनीं आकृति साठविल्या होत्या, त्यांच्या वाट्यास मोठें दुर्घट काम आलें. प्रत्येक फाँटासाठीं निराळें कोष्टक. वेलांटी उचलून मागें न्यावयाची, रफार उचलून पुढें आणावयाचा, तुटके अर्धे तुकडे जोडावयाचे. आणि एवढें करून एकेक पान माणसानें डोळ्याखालून घालावयाचें, कारण नांवांतील एक चुकलेला काना जमिनीच्या कागदावर वाद उत्पन्न करूं शकतो. इस्कीच्या काळीं वर्णाचा आग्रह धरणें कित्येकांस पंडिती वाटलें असेल. वीस वर्षांनीं तोच आग्रह सर्वांत व्यवहारी ठरला.

जुन्या यंत्रांपुरता एक निराळा उपाय मुक्त प्रणालींतून निघाला. लिनक्स ही कार्यप्रणाली आणि तिचे दुभाषे यांचें मूळ लेखन सर्वांस खुलें असतें. मूळ कारखानदारानें उपकरण वाऱ्यावर सोडलें तरी दुसऱ्या कोणास दुभाष्या दुरुस्त करतां येतो. म्हणून ज्या छपाईयंत्रांस नव्या विंडोजनें ओळख देण्याचें नाकारलें, त्यांतील कित्येक येथें पुन्हां बोलूं लागलीं. आणि हलक्या वजनाच्या आवृत्ति बसवून थोड्या स्मृतीचे संगणकहि कामास लागले. रेड हॅट कंपनीनें लोहित हे भारतीय लिपींचे फाँट खुल्या परवान्यानें उपलब्ध करून दिले, तेव्हां अशा यंत्रांवर मराठीहि विनामूल्य आली. ८ एप्रिल २०१४ रोजीं एक्सपीचा आधार कंपनीनें काढून घेतल्यावर हा पर्याय अनेकांस सोयीचा वाटला.

कारखान्यांच्या बाबतींतहि हाच न्याय लागू पडतो. संगणकाच्या आज्ञेनें चालणाऱ्या यंत्रांचे कार्यक्रम बहुधा जी-कोड या साध्या अक्षरलेखनांत असतात: अमक्या अंतरावर जा, इतक्या वेगानें काप, थांब. तें लेखन कोणत्याहि संगणकावर उघडतें आणि वाचतां येतें. म्हणून नियंत्रक बदलला, संगणक बदलला, तरी तो कार्यक्रम थोड्या फेरफारानें पुढें नेतां येतो. ज्या आज्ञा एखाद्या कंपनीच्या गुप्त मांडणींत कोंडून ठेविल्या असतील, त्या मात्र त्या कंपनीच्या यंत्राबरोबरच कालबाह्य होतात. लोखंड असो कीं लिपि, काय साठविलें यापेक्षां तें कोणत्या रूपांत साठविलें यावर त्याचें आयुष्य अवलंबून असतें.

महाराष्ट्रास या धड्याचें एक जुनें उदाहरण ठाऊक आहेच. पुण्याच्या पेशवे दप्तरांत मोडी कागदांचे ढीग आहेत. कागद टिकला, शाई टिकली; पण मोडी वाचणारा दुर्मिळ झाला, आणि कागद असूनहि मुका झाला. १९३० पासून १९३४ पर्यंत गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखालीं त्या दप्तरांतील निवडक कागद ४५ भागांत बालबोधींत छापून निघाले, तेव्हां अभ्यासकांस त्याचें दार उघडलें. एवढी खटपट करावी लागली ती केवळ एका लिपींतून दुसऱ्या लिपींत मजकूर आणण्यासाठीं. संगणकाच्या युगांत हाच अंतराय शंभर वर्षांनीं नव्हे, तर दर दहा वर्षांनीं पडतो, आणि तो पडला हेंहि चटकन् कळत नाहीं. कारण मुका झालेला मजकूर कपाटांत दिसत नाहीं.

घरोघरीं आज जुन्या संगणकांत, जुन्या तबकड्यांत कोणाच्या वडिलांचे लेख, कोणाच्या संस्थेचीं इतिवृत्तें, कोणाच्या गांवाचा इतिहास पडून आहे. यंत्र चालतें आहे तोंवर तो मजकूर ज्या फाँटांत लिहिला त्याचें नांव टिपून ठेवणें, त्या फाँटाची प्रत जपणें आणि मजकूर युनिकोडांत उतरवून घेणें, एवढें ज्यास त्यास करतां येण्यासारखें आहे. मोरोपंतांचें काव्य बोरूनें पोथींत लिहिलें गेलें, खिळ्यांनीं ग्रंथांत छापलें गेलें आणि आज पडद्यावर वाचलें जातें. बोरू गेला, खिळा गेला, पडदेहि बदलत राहतील. ज्या ज्या हातांनीं तें काव्य पुढें दिलें, त्यांनीं पोथीचा कागद पुढें दिला नाहीं. त्यांनीं एकेक वर्ण पुढें दिला.